वांझ म्हणून उपटलेला वेल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. चार वर्षांपूर्वी तुम्ही यवतमाळकडच्या तुमच्या गावात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, काटवलाचे (करटोलीचे) सहा कंद खणून आणले आणि आवारातल्या कुडाला लागून लावले. पहिली तीन वर्षं काटवलं बऱ्यापैकी लागली. सहापैकी एक वेल मात्र नुसताच फुलायचा, फळ एक नाही. सासूबाई म्हणाल्या हा वांझ आहे, उगाच जागा अडवतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्याचा कंद उपटून फेकला. यंदा उरलेल्या पाचही वेलांवर फुलं भरपूर, पण फुलाखालचं बारकं काटेरी बोंड चार-सहा दिवसांत पिवळं पडून गळतं. दुसरी गोष्ट पपईची. बाजारातल्या एका गोड फळाच्या बिया टाकल्या, सात झाडं झाली, त्यातली चार नर निघाली. तुम्ही विचारता, खत कमी पडतंय का, नर-मादी रोपातच ओळखता येते का, आणि बचत गटातल्या बायांना वाटायला घरचं बी धरायचं तर कसं.

खत कमी पडत नाही. तुम्ही उपटलेला वेल वांझ नव्हता, तो बाप होता. सहा वेलांत तेवढा एकच नर होता आणि उरलेल्या पाच जणी तीन वर्षं त्याच्याच जिवावर फळत होत्या.

ही चूक तुमच्या एकट्याची नाही. मी वरुडकडे पंचवीस वर्षं रोपवाटिका चालवतो, आमचा मुख्य धंदा संत्र्याच्या कलमांचा, पण काटवलाचे कंद आणि पपईची रोपंही करतो. दर पावसाळ्यात निदान दोघं-तिघं हीच तक्रार घेऊन येतात. आमच्या घरीही हे झालंय. मी विळा घेऊन धुऱ्यावरचा न फळणारा वेल कापायला निघालो तेव्हा वडील ओरडले होते, "काहून कापतं बे त्याले? नर हाये थो!" ते चौथी शिकलेले. मी तेव्हा कॉलेजात जात होतो.

मूळ मुद्दा असा की बहुतेक झाडांत एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. वांगं, तूर, पऱ्हाटी (कापूस), संत्रा, सगळ्यांचं तसंच. दोडका, कारलं, भोपळा यांत फुलं वेगळी पण वेल एकच. नरफुलं आणि मादीफुलं एकाच वेलावर. काटवलाचं मात्र तिसरंच. इथे आख्खा वेलच नर, नाहीतर आख्खा वेलच मादी. आपल्या भागात अशी झाडं दुसरीही आहेत, फक्त आपण त्या नजरेनं पाहत नाही. शिंदी, ताड, तेंदू, कडुनिंबावर चढलेली गुळवेल, या सगळ्यांत नराचं झाड निराळं आणि मादीचं निराळं. गुळवेलीला लाल मणी लागलेले दिसले की ती मादी.

आज संध्याकाळीच खात्री करून घ्या. सकाळी नाही, संध्याकाळी, कारण आपलं रानकाटवल दिवस मावळताना उमलतं. दुपारी बघाल तर कालची मलूल फुलं आणि आजच्या मिटलेल्या कळ्याच दिसतील. सहा-साडेसहाला टॉर्च घेऊन जा. एक फूल देठापासून हलकेच वर उचला आणि पाकळ्यांच्या खाली बघा. मादीफूल असेल तर पाकळ्या आणि देठ यांच्यामध्ये ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, मऊ काट्यांचं हिरवं बोंड असेल. तेच पुढे काटवल होणार असतं. नरफुलाला हे बोंड नसतं. त्याचा देठ लांब आणि बारीक असतो, आणि फुलाच्या अगदी बुडाशी एक हिरवं पान टोपीसारखं वळून बसलेलं असतं. कळी लहान असते तेव्हा ती त्या टोपीतच असते. मादीच्या देठावरही असं पान असतं, पण चिमुकलं आणि फुलापासून बरंच खाली. ही टोपी एकदा डोळ्यांत बसली की पाच पावलांवरून नर ओळखू येतो.

तुमच्या पाचही वेलांवर बोंडाची फुलं दिसतील याची मला खात्री आहे, आणि त्यामागे एक गंमत आहे. आपण धुऱ्यावरून कंद आणतो तेव्हा फळ लागलेला वेलच हेरून ठेवतो. म्हणजे निवड करतानाच नर बाजूला पडतात. तुमच्याकडे एक आला तो बहुधा चुकून, दुसऱ्या वेलात गुंतलेला असताना. त्या चुकीनंच तुम्हाला तीन वर्षं भाजी खाऊ घातली.

फुलं अजून महिनाभर येतील, त्यामुळे यंदाचा हंगाम गेलेला नाही. गावात कोणाच्या धुऱ्यावर टोपीवाला वेल आहे का ते शोधा. दिवेलागणीला त्याची दहा-बारा ताजी उमललेली फुलं देठासकट तोडा, स्टीलच्या डब्यात ओलं फडकं घालून घरी आणा. एकेक घ्या, पाकळ्या मागे वळवा किंवा तोडून टाका, मधला पिवळा भुकटीचा भाग मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवा आणि फिरवा. एका नरफुलात मी तीन-चार मादीफुलं करतो. रात्री पतंग हे काम करतात, पण नरच नसेल तर पतंग काय आणणार? चौथ्या-पाचव्या दिवशी बोंड हिरवं राहून फुगलेलं दिसलं की समजा जमलं.

कायमचा उपाय म्हणजे नराचा कंद लावणं. तो आत्ताच हेरून त्याच्या बुडाशी रंगीत चिंधी बांधा, कारण हिवाळ्यात वेल वाळून गेला की जमिनीखाली काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. फाल्गुन-चैत्रात खणा, मालकाला विचारून. दहा माद्यांना एक नर हे कृषी खात्याच्या शिफारशीतलंही प्रमाण आहे, कोणी आठाला एक सांगतात. पण तुमच्यासारख्या पाच-सहा वेलांच्या आवारात मी दोन नर ठेवायला सांगतो. एकाला मर लागली, डुकरानं खणला, तर दुसरा असतो. आणि दोन नर लागण्याचं दुसरं एक मोठं कारण बियाण्याचं आहे, ते पुढे येईल.

आता रोपातच ओळखता येतं का. नाही. ना काटवलात, ना पपईत. मुळी सरळ असेल तर नर, फाटा असेल तर मादी. पान असं कातरलेलं असेल तर अमुक. काळी बी नराची, फिकी मादीची. हे सगळं मी ऐकलंय, काही वर्षं मन लावून तपासलंय, आणि नाणं उडवून जेवढं बरोबर येतं तेवढंच आलं. पपईच्या पानाचा तुकडा देऊन प्रयोगशाळेत डीएनएवरून लिंग सांगता येतं, पण सात झाडांसाठी तो उपद्व्याप कोण करणार. घरच्या माणसाला फुलाचीच वाट बघावी लागते.

पण नेमकं ठरतं कधी, हे समजून घेतलं तर पुष्कळ टोटके आपोआप गळून पडतात. ते बी तयार होतानाच ठरतं, फलन होतं त्या क्षणी. माणसासारखंच एक्स-वाय गुणसूत्रांचं गणित आहे. मादीकडे दोन एक्स, नराकडे एक एक्स आणि एक वाय. मादी देईल ते एक्सच. नराच्या अर्ध्या परागकणांत एक्स, अर्ध्यांत वाय. एक्सवाला कण आधी पोचला तर मुलगी, वायवाला पोचला तर मुलगा. म्हणजे काटवलातही मुलगा की मुलगी हे बापाच्या बाजूनं ठरतं. (सासूबाईंना हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.) मग शेणखत घाला, राख घाला, अमावास्येला पेरा, बीमध्ये जे लिहिलंय ते बदलत नाही.

म्हणून बियांपासून केलेल्या काटवलात साधारण निम्मे नर, निम्म्या माद्या. साधारण हा शब्द लक्षात ठेवा. दहा बियांत पाच-पाच येतीलच असं नाही. सात-तीन सहज येतात. कंदांचं तसं नाही. कंद, किंवा कंदाचा डोळ्यासकट कापलेला तुकडा, किंवा वेलाच्या फांदीला मुळ्या फोडून केलेलं रोप, हे त्याच वेलाचं शरीर. मादीच्या कंदापासून मादीच येणार. बायांना फक्त भाजी हवी असेल तर बियांच्या भानगडीत पडूच नका. तुमच्या पाचांतला सगळ्यात चांगला वेल निवडा, त्याचे कंद वाढवा आणि दर घराला तीन-चार माद्यांबरोबर एक नराचा कंद द्या. पिशवीवर खडूनं 'नर' लिहून द्या, नाहीतर पुन्हा कोणाची तरी सासू तो उपटेल.

बी धरायचंच असेल तर ते नवा, आणखी चांगला वेल मिळावा म्हणून धरायचं. मग खरी अडचण बापाचीच. आई निवडणं सोपं आहे, ती फळते. काटवल मोठं आहे का, बी उशिरा टणक होते का, एका वेलाला किती लागतात, पहिलं फळ मृगात येतं की पोळ्याला, सगळं डोळ्यांना दिसतं. बापाला फळच नाही. पण त्या बीमध्ये अर्धा वाटा त्याचा आहे. फळ मोठं करणारे गुण त्याच्यातही असतात, फक्त त्याच्या अंगावर दिसत नाहीत. पुष्कळ लोक उत्तम आईचं फळ पिकवून बी धरतात, बाप मात्र धुऱ्यावरचा कोणीही, आणि मग म्हणतात बी बिघडलं. बी बिघडलेलं नसतं, अर्धंच निवडलेलं असतं.

बापाची पारख त्याच्या लेकींवरून करायची. दुसरा रस्ता नाही. मी करतो ते असं. समजा दोन नर आहेत, एक उत्तरेच्या कुडावरचा आणि एक विहिरीजवळचा. एकच चांगली मादी घ्यायची. तिच्या उद्या उमलणाऱ्या, फुगलेल्या पण मिटलेल्या दहा-बारा कळ्यांवर आज दुपारीच पातळ मलमलची बारीक पिशवी बांधायची, म्हणजे पतंग शिरणार नाही. नराच्या कळ्याही तशाच झाकायच्या, कारण पतंगाच्या अंगाला दुसऱ्याचे पराग लागलेले असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उमलली की निम्म्या फुलांना एका नराचे पराग लावून देठाला लाल दोरा, निम्म्यांना दुसऱ्याचे लावून हिरवा दोरा. पिशवी पुन्हा बांधून दोन दिवस राहू द्यायची. दोरा शिवणाच्या रिळाचा चालतो, लोकर नको, ती पावसात रंग सोडते. माझं एक आख्खं वर्ष एका भिजलेल्या दोऱ्यानं बुडवलंय, लाल की गुलाबी की पांढरा हेच कळेना.

ही फळं भाजीला तोडायची नाहीत, आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं. ती वेलावरच पिकून केशरी होऊन फुटू लागली की काढायची. आत लाल गरात काळपट बिया असतात. गर धुऊन, सावलीत वाळवून, लाल-हिरवं वेगळं ठेवून कागदी पाकिटात. लगेच पेरू नका. काटवलाचं बी कडक कवचाचं आणि झोपाळू. ताजं पेरलं की महिनोन्‌महिने नुसतं पडून राहतं. पुढच्या पावसाळ्याआधी काढा, कडेला खरखरीत दगडावर हलकेच घासा, रात्रभर भिजवा आणि मग पिशवीत टाका. तरी सगळ्या उगवणार नाहीत.

मग वाट बघा. पहिल्या वर्षी बियांचे वेल बारीकच असतात. कंद पोसल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचा खरा रंग दिसतो. नर निघतील ते वेगळे काढा. लेकी-लेकींची तुलना करा, लाल दोऱ्याच्या आणि हिरव्या दोऱ्याच्या. ज्याच्या लेकी चांगल्या तो बाप चांगला. दोन-तीन वर्षांचं काम आहे, पण काटवलात सोय अशी की तोवर बाप मरत नाही. त्याचा कंद जमिनीत सुखरूप असतो. पऱ्हाटीत ही चैन नाही.

सहा-सातच लेकींवरून निकाल देऊ नका. आणि एकाच आईची पोरं एकमेकांशी लावत बसू नका. नर-मादी वेगळी असलेली झाडं मुळातच दुसऱ्या घरचं रक्त घेत वाढलेली असतात; सख्ख्या बहिणीभावांत दोन-चार पिढ्या फिरवलं की वेल खुरटतात, बी कमी धरते. दोन नर ठेवा म्हणालो ते यासाठी, आणि तेही वेगवेगळ्या शिवारातले.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढचा तोच येणार: सगळ्या माद्याच देणारं बी करता येतं का. येतं. मादी वेलाला तात्पुरती नरफुलं आणायची आणि त्यांचे पराग मादीलाच लावायचे. दोन्ही बाजूंनी एक्सच आला, मग वाय येणार कुठून? पोरी सगळ्या पोरीच. काकडीच्या बीजोत्पादनात ही युक्ती रुळलेली आहे. काकडीच्या कुळातल्या झाडांत इथिलीन नावाचा, झाड स्वतःच बनवतं तो वायू मादीपणाकडे ओढतो, आणि चांदीचा क्षार त्या इथिलीनचं काम अडवतो. काटवलात सिल्व्हर नायट्रेट 500 पीपीएम, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, कळ्या दिसायच्या आधी शेंड्यांवर फवारतात. मग त्याच मादी वेलावर पुंकेसर असलेली दुलिंगी फुलं येतात.

मी हे एकदा दर्यापूरकडच्या मित्राच्या वावरात केलं. त्यानं विहिरीचं पाणी काढलं, मी पुडी टाकली आणि बादलीत एकदम ताक झालं. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पाण्यातल्या मिठातलं क्लोराइड चांदीला धरून पांढरा गाळ करतं, औषध तिथेच संपलं. अर्धा दिवस आम्ही पुडी नकली म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. शेवटी मोटार दुरुस्तीवाल्याकडून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, त्यात ती साखरेसारखी विरघळली. हातमोजे घातले नव्हते. माझी तीन बोटं आठवड्यावर काळी होती आणि बायकोनं भाकरी थापताना मला जवळ येऊ दिलं नाही. त्या फवाऱ्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेंड्यावर काही फुलं अशी आली की खाली बोंडही आहे आणि आत पिवळी भुकटीही आहे. त्यांच्यातल्या बियांचे नऊ वेल फुलले. नऊच्या नऊ माद्या. निम्मे-निम्मेच्या हिशेबात असं नुसत्या योगायोगानं घडण्याची शक्यता 512 मध्ये एक.

तरी हे तुम्ही घरी करा असं मी म्हणत नाही. हा क्षार कातडी आणि डोळ्यांना वाईट, लहान पोरं असलेल्या घरात नको, आणि फवारलेल्या वेलाचं फळ खायचं नाही. करायचंच असेल तर तुमच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला सोबत घ्या. आणि त्यातून मिळालं काय? सगळ्या माद्या. म्हणजे पुन्हा तुमची आजची अवस्था, नर शोधत हिंडा. कंद वाटणं शंभरपट सोपं.

याच युक्तीनं परदेशात, जिथे कायद्यानं परवानगी आहे तिथे, गांजाचं निव्वळ मादी बी करतात, आणि दरवर्षी कोणीतरी पोरगं मला हळू आवाजात तेच विचारायला येतं. झाडाचा हिशेब तोच आहे, एक्स-वाय, नर वेगळा मादी वेगळी. मादीला पराग लागला की तिचा जोर बी भरण्यात जातो, म्हणून इंग्रजांच्या काळात बंगालात नौगावकडे नर झाडं हुडकून उपटायला खास जाणकार माणसं लावत. 1893-94 च्या सरकारी आयोगाच्या चौकशीत त्यांची नोंद आहे. म्हणजे तुम्ही जे चुकून केलं ते ते पैसे देऊन करून घ्यायचे. पण आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानं परवान्याशिवाय एक झाडही गुन्हा आहे, कुंडीत असो की तुरीच्या तासात. पोराला मी काटवलाचा कंद देऊन परत पाठवतो.

आता पपई. इथे काटवलापेक्षा एक पात्र जास्त आहे. नर, मादी आणि तिसरं दुलिंगी झाड. पानाच्या बगलेतून हातभर लांब लोंबणारे तुरे आणि त्यावर बारीक नळीची फुलं, तो नर. खोडाला चिकटून आखूड देठाचं जाड फूल, आत गोल लहानसं फळ, पुंकेसर नाहीत, ती मादी. दुलिंगीचंही फूल खोडाजवळच, पण आतलं फळ लांबट आणि सोबत पुंकेसर. फळावरूनही कळतं: मादीचं फळ गोल किंवा अंड्यासारखं, आतली पोकळी मोठी, दुलिंगीचं लांब, नाशपातीच्या घाटाचं, गर जाड. बाजारात भाव लांबट फळाला.

हे गणित 1938 साली दोघांनी स्वतंत्रपणे सोडवलं, दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर आणि हवाईत स्टोरी. मादी एक्स-एक्स. नर एक्स आणि नराचा वाय. दुलिंगी एक्स आणि थोडा निराळा वाय. दोन वाय एकत्र आले की तो गर्भ जगतच नाही. एवढ्या एका गोष्टीवरून सगळी प्रमाणं निघतात. मादीला नराचे पराग: निम्म्या माद्या, निम्मे नर. मादीला दुलिंगीचे: निम्म्या माद्या, निम्मी दुलिंगी. दुलिंगीला स्वतःचेच: दोन वाटे दुलिंगी, एक वाटा मादी, नर एकही नाही.

म्हणजे तुमची चार नर झाडं पाहून मी त्या न पाहिलेल्या फळाबद्दल सांगू शकतो की त्याचा बाप नर झाड होतं, कारण नराचा वाय दुसऱ्या कोणाकडून येत नाही. सातात चार, हे नशीब वाईट नाही, अपेक्षेइतकंच आहे. चारातला एक ठेवाच, तीन काढा; चारही काढले तर बाकीच्यांना पराग मिळणार नाहीत. काटवलात केलं ते इथे करू नका.

पुढच्या वेळी नर-मादी जातीचं बी असेल तर एका खड्ड्यात तीन रोपं लावा आणि फुलं आल्यावर एकच राखा. तिन्ही नर निघण्याची शक्यता आठात एक. चार लावली तर सोळात एक. सात रोपं सात खड्ड्यांत लावणं हे नाण्यावर पैसे लावणं आहे. दुलिंगी जातींमध्ये नर येतच नाहीत. कुर्ग हनी ड्यू, पुसा डिलिशियस, को-7 या त्यातल्या. तैवानची ७८६ म्हणून जी रेड लेडी मिळते तीही दुलिंगी गटातलीच, पण ती संकरित आहे. तिच्या फळातलं बी टाकलं तर फळं येतात, मात्र एका झाडाचं एक रूप आणि दुसऱ्याचं दुसरं.

घरचं बी धरायला मी म्हणून साधी दुलिंगी जात सांगतो. चांगल्या झाडाची दुलिंगी कळी उमलायच्या आदल्या दिवशी बटर पेपरच्या पिशवीत झाका. तिचेच पराग तिलाच लागतात, फळ धरलं की पिशवी काढा, दोरा बांधा. फळ पिकलं की बियांवरचं बुळबुळीत आवरण राखेत चोळून पूर्ण काढा, ते राहिलं तर उगवण अडते. सावलीत वाळवा, त्याच हंगामात वापरा. आणि शेजाऱ्याच्या झाडाला पानं पिवळी-आकसलेली, फळावर गोल वलयं असा रोग असेल तर तो बियांतून येत नाही, मावा आणतो. बी फेकू नका, रोपं मच्छरदाणीखाली वाढवा.

विदर्भात दुलिंगीची एक खोड मात्र सांगायलाच हवी, पुस्तकांत ती एका ओळीत उरकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. त्या उष्णतेत दुलिंगी फुलातलं बोंड वाळून जातं आणि फूल नरासारखं वागतं. खोडावर हातभर जागा फळांशिवाय कोरी सुटते. उलट थंडीत त्याच झाडाची फळं कधी वेडीवाकडी, माकडाच्या तोंडासारखी होतात. मादी या बाबतीत पक्की, ऊन असो थंडी असो, पराग मिळाला की गोल फळ देते. भाव लांबट फळाला असला तरी घरी खायला, उन्हाळ्याचा भरवसा हवा तर मादी झाड चांगलं, हे माझं मत. व्यापाऱ्यांचं वेगळं असेल.

नर पपईही थंडीत कधी लांब तुऱ्याच्या टोकाला चार-दोन बारकी फळं धरते. आमच्या गावात एका काकांनी दसऱ्याला नराच्या खोडात मोठा लोखंडी खिळा ठोकला, पौषात त्याला तीन फळं लटकली. तेव्हापासून पंचक्रोशीत कितीतरी पपयांत खिळे आहेत. शेजारच्या बिनखिळ्याच्या नरालाही त्या थंडीत दोन फळं आली होती, पण ती कोणी मोजली नाहीत.

आमच्या संत्र्यात हा सगळा घोळ नसतो. संत्र्याचं कलम जिच्यावर बांधतात त्या जंभेरीच्या एका बीमधून दोन-तीन रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात, बापाचा संबंधच नाही; वेगळं दिसेल ते उपटून टाकायचं एवढंच काम. म्हणून संत्रावाल्याला काटवल कळायला वेळ लागतो. मलाही लागला.

तर आज संध्याकाळी पाच वेलांवर प्रत्येकी चार-चार फुलं उलटी करून बघा आणि बोंड किती, टोपी किती ते लिहून कळवा. उपटलेला कंद कुठे फेकला तेही बघा. उकिरड्यावर असेल तर काटवलाचा कंद चिवट असतो, मी कचऱ्यातून फुटलेले पाहिलेत. यंदाच्या पावसानं त्याला कोंब आला असेल.